प्राइम की झूम? लेन्स घेण्याआधी खोली मोजा

फोनचा कॅमेरा उघडला की खाली ०.५, १, ३ असे आकडे दिसतात. बहुतेकांना वाटतं, ही झूमची बटणं. प्रत्यक्षात फोनच्या पाठीवर दोन-तीन स्वतंत्र कॅमेरे असतात आणि प्रत्येकाची लेन्स एकाच मापाची असते. बटण दाबलं की फोन एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. मधल्या १.७ किंवा २.४ वर तो चित्राच्या कडा कापतो आणि उरलेलं मोठं करून दाखवतो. सोनीने २०२२ साली एका एक्स्पेरिया फोनमध्ये खरीखुरी सरकणारी झूम बसवली होती, पण असे फोन विरळाच. एकाच मापाच्या लेन्सला प्राइम म्हणतात. थोडक्यात, आपण सगळेच खिशात दोन-तीन प्राइम लेन्स बाळगून असतो.

असाच एखादा फोनवाला पहिला मोठा कॅमेरा घेतो आणि सोबत आलेली १८-५५ची 'किट' लेन्स वापरून महिनाभरात कंटाळतो. मग प्रश्न सुरू होतात. 'फिफ्टी', म्हणजे ५० मिमीची प्राइम, घेऊ की मोठी झूम? एक मित्र सांगतो, प्राइमला तोड नाही. दुसरा सांगतो, प्राइम घेतलीस तर कपाटात पडून राहील. दोघांचंही खरं असतं, कारण एक घरातल्या बाळाचे फोटो काढतो आणि दुसरा ताडोब्याला जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणती लेन्स जास्त चांगली, हा वाद आता बराचसा शिळा झालाय. दोनच गोष्टी विचारायच्या: तुम्ही फोटो काढता तिथे उजेड किती असतो, आणि तुम्हाला मागेपुढे सरकता येतं का.

लेन्सवर छापलेले आकडे

लेन्सवर 'मिमी'मध्ये जो आकडा असतो ती फोकल लेंथ. तिची व्याख्या पाठ करायची गरज नाही. आकडा लहान तितका समोरचा जास्त पसारा चौकटीत मावतो. आकडा मोठा तितका कमी भाग दिसतो आणि तो मोठा दिसतो. प्राइम लेन्सवर एकच आकडा असतो, उदाहरणार्थ ५० मिमी. झूमवर दोन असतात, १८-५५ किंवा ७०-२००, आणि रिंग फिरवून या दोन टोकांमधलं कुठलंही माप घेता येतं.

दुसरा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत येण्याच्या छिद्राचा. तो एफ/१.८, एफ/५.६ असा लिहितात आणि इथेच नवशिके गोंधळतात, कारण लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र. कारण साधा भागाकार आहे. फोकल लेंथला या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिमी आणि एफ/१.८ असेल तर व्यास येतो जवळपास २८ मिमी. किट लेन्स ५५ मिमीला नेली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. व्यास येतो १० मिमीहूनही कमी.

किट लेन्सवर 'एफ/३.५-५.६' असे दोन आकडे का असतात, याचंही उत्तर यातच आहे. १८ मिमीला ती एफ/३.५ पर्यंत उघडते आणि झूम वाढवत नेलं की एफ/५.६ वर येऊन थांबते. महागड्या झूमवर एकच आकडा असतो, बहुधा एफ/२.८. तो दोन्ही टोकांना कायम राहतो, आणि किमतीतला मोठा भाग त्याचाच असतो.

दहापट उजेडाचा फरक

एफ/१.८ आणि एफ/५.६ हे आकडे ऐकायला फारसे लांबचे वाटत नाहीत. पण उजेड क्षेत्रफळावर अवलंबून असतो, त्यामुळे या आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो. तो येतो ९.७. म्हणजे तुमच्या १८-५५च्या लांब टोकापेक्षा साधी फिफ्टी जवळपास दहापट उजेड आत घेते.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? समजा हॉलमधल्या दिव्यांत, आयएसओ १६०० ठेवून, एफ/५.६ वर कॅमेरा सेकंदाचा तिसावा भाग शटर उघडं ठेवायला सांगतोय. आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचं माप. ते चढवलं की फोटोत रवा येतो, म्हणजे चित्र दाणेदार दिसतं. सेकंदाच्या तिसाव्या भागात नाचणारी पोरगी अख्खी पुसट येणार. तेवढ्याच उजेडात एफ/१.८ वर शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास जातं, आणि चेहरा स्पष्ट येतो. प्राइमची सगळी जादू म्हणतात ती मुख्यतः एवढीच आहे. आणि ती थोडीथोडकी नाही.

झूम जड आणि महाग का होते

भिंगातून प्रकाश गेला की दोष येतात. कडा पुसट होतात, सरळ रेघा वाकतात, उजळ वस्तूंच्या काठाला जांभळी किनार दिसते. हे दोष एकमेकांना मारक ठरतील अशी भिंगं एकामागे एक बसवून ते कमी करतात. प्राइममध्ये हा हिशेब एकाच फोकल लेंथसाठी जुळवायचा असतो. झूममध्ये भिंगांचे गट आत सरकत असतात आणि प्रत्येक मापाला हिशेब जुळावा लागतो. गॅरेजमधला रिंग पाना आणि स्क्रू पाना आठवा. रिंग पाना एकाच मापाच्या नटाला बसतो, पण घट्ट. स्क्रू पाना कुठल्याही नटाला लागतो, जरा ढिला राहतो आणि वजनाला जास्त असतो.

फिफ्टी स्वस्त पडते याला इतिहासही आहे. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली झाइस कंपनीसाठी 'प्लानार' नावाची, दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसणारी भिंगांची रचना केली. आजच्या बहुतेक साध्या फिफ्टी त्याच घराण्यातल्या आहेत. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएममध्ये ६ भिंगं आहेत आणि वजन १६० ग्रॅम. त्याच कंपनीच्या २४-७० एफ/२.८ एल टूमध्ये १८ भिंगं आहेत आणि वजन ८०५ ग्रॅम.

३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली ती १९५९ मध्ये, फॉइक्टलेंडर कंपनीची 'झूमार', ३६-८२ मिमी, एफ/२.८. रचना फ्रँक बॅक यांची. त्यानंतर बरीच वर्षं व्यावसायिक फोटोग्राफर झूमकडे संशयानेच बघायचे, आणि त्या काळात ते बरोबरही होतं. मग संगणकावर रचना होऊ लागल्या, विशेष काच आणि गोलाकार नसलेली भिंगं स्वस्त झाली, आणि अंतर मिटत आलं. 'प्राइम जास्त शार्प' हे वाक्य मात्र त्या जुन्या काळातून तसंच चालत आलंय.

'पायांनी झूम करा' हा सल्ला अर्धाच खरा

प्राइमवाल्यांचं हे आवडतं वाक्य. पुढे चाला, मागे या, पायच तुमची झूम. ऐकायला झकास आहे, पण चालणं आणि झूम करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

राजगडाच्या संजीवनी माचीवर मित्र उभा आहे आणि मागे तोरणा दिसतोय असं समजा. तुमच्याकडे ५० मिमी आहे, मित्र तीन मीटरवर आहे. दोन पावलं पुढे गेलात तर मित्र मोठा होईल. तोरणा होता तेवढाच राहील, कारण कित्येक किलोमीटरमध्ये दोन पावलांनी काही फरक पडत नाही. आता मित्रापासून तीन मीटरऐवजी नऊ मीटरवर जा आणि लेन्स १५० मिमी करा. मित्र पहिल्याइतकाच दिसेल आणि मागचा तोरणा तिप्पट मोठा होऊन त्याच्या खांद्याशी येईल. हा फोटो नुसत्या पायांनी मिळत नाही आणि नुसत्या झूमनेही मिळत नाही. जागाही बदलावी लागते आणि फोकल लेंथही. (माचीवर आणखी सहा मीटर मागे जायला जागा आहे का, हे आधी वळून बघा. हे विनोदाने लिहिलेलं नाही.)

चेहऱ्याचंही तसंच. 'वाइड लेन्सने नाक मोठं येतं' असं म्हणतात. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर पुढे असतं. कान तुमच्यापासून ५० सेंटिमीटरवर असतील तर नाक ४० वर, म्हणजे कानांच्या मानाने नाक २५ टक्के मोठं उमटणार. दोन मीटरवर गेलात की हा फरक पाच टक्क्यांवर येतो. वाइड लेन्स लावली की चौकट भरायला माणूस जवळ जातो, म्हणून बिचाऱ्या लेन्सच्या नावावर बिल फाटतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: कुठे उभं राहायचं ते आधी ठरवा, मग चौकट लेन्सने बसवा. झूम हातात असेल तर हे सोपं जातं, आणि गंमत म्हणजे झूमवालेच हे सगळ्यात कमी करतात. एका जागी उभं राहून रिंग फिरवत बसतात. प्राइमची सवय लावणारे शिक्षक याच आळसावर औषध देत असतात. त्यांचं तेवढं चुकत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत फिफ्टी

आता सगळ्यात व्यवहारी मुद्दा, जो दुकानात क्वचितच सांगतात.

सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचं सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, 'एपीएस-सी' मापाचं असतं, साधारण २३.५ बाय १५.६ मिमी. महागड्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यांचं ३६ बाय २४. छोट्या सेन्सरला चित्राचा मधलाच भाग मिळतो, त्यामुळे त्यावर फिफ्टी लावली तर ती फुल फ्रेमवरच्या ७५ किंवा ८० मिमीइतकं अरुंद दाखवते. फिफ्टी म्हणजे 'डोळ्याला दिसतं तसं' ही ख्याती फिल्म आणि फुल फ्रेमवरची आहे. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्याला ५० मिमीचीच न निघणारी लेन्स होती. तेव्हापासून ती ख्याती चालत आलीय.

उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी जागा सोडून, म्हणजे दोन मीटर उंची चौकटीत हवी. कॅमेरा उभा धरला तर एपीएस-सीवर फिफ्टीला लागणारं अंतर सव्वाचार मीटर, म्हणजे १४ फूट. वाढदिवसाला केकमागे दोन मीटर रुंदीत घरची मंडळी उभी असतील तर कॅमेरा आडवा धरूनही तेवढंच. आपल्याकडच्या फ्लॅटमधली खोली दहा बाय बारा फुटांची. त्यात सोफा, टेबल, कपाट. म्हणजे फिफ्टीवाल्याला दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहून फोटो काढावा लागणार. तोच फोटो ३५ मिमीने तीन मीटरवरून, दहा फुटांवरून बसतो.

म्हणून छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर घरासाठी पहिली प्राइम घ्यायची तर ३५ मिमी घ्या, किंवा त्याहून वाइड. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स किंवा कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही साधी उदाहरणं. फिफ्टी एकट्या माणसाच्या चेहऱ्यासाठी सुंदर आहे, ते मान्य. पण सगळे फिफ्टीच सुचवतात, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे आणि त्यांनीही तीच घेतली होती.

जिथे पाय बांधलेले असतात

काही प्रसंगांत झूमला पर्याय नसतो. ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरता येत नाही. वाघ दोनशे फुटांवर बसून राहील, नाहीतर रस्त्याने चालत थेट गाडीकडे येईल. दहा लाखांच्या पुढची ६०० मिमी प्राइम लावून बसलेल्याच्या चौकटीत अशा वेळी वाघाचा एक डोळा आणि मिशा एवढंच येतं. १५०-६०० किंवा २००-५०० च्या झूमवाला रिंग फिरवून अख्खा वाघ घेतो. भिगवणला नावेत बसून रोहित टिपणाऱ्यांचंही असंच. नाव पाखरांच्या किती जवळ न्यायची हे नावाडी ठरवणार.

वारीतल्या रिंगणात एकदा कडेला बसलात की उठून जागा बदलणं विसरा. अश्व समोरून येतो, वळतो, पलीकडे जातो. तिथे ७०-२०० सारखी झूम हवी. आणि लेन्स बदलायचीच म्हटली तरी कुठे? वारीत धूळ नाहीतर पाऊस, विसर्जनाला गुलाल. उघड्या कॅमेऱ्यात सेन्सरवर गेलेला एक कण पुढच्या कित्येक फोटोंच्या आभाळात काळा ठिपका होऊन बसतो.

लग्नात अंतरपाट दूर होण्याचा क्षण दोन-तीन सेकंदांचा. मंगलाष्टकं संपत आलेली, स्टेजवर मामा-मावश्यांची दाटी, वरून अक्षता. लेन्स बदलायला तिथे हातही मोकळा होत नाही. म्हणूनच लग्नाचे फोटोवाले खांद्यावर दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, घेऊन फिरतात, एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२००. संगीत किंवा मेहंदीच्या मंद दिव्यांत मात्र त्यातलेच अनेक जण ३५ आणि ८५ च्या प्राइम काढतात. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांनी 'प्राइम की झूम' हा वाद कधीच सोडून दिलाय.

'स्टॅबिलायझेशन आहे की, मग मोठं छिद्र कशाला?'

हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा आता साध्या किट लेन्समध्येही असते, आणि ती खरोखर कामाची आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि आत अंधार. तिथे स्टॅबिलायझेशनवाली किट लेन्स, श्वास रोखून धरला तर, चांगलं काम देते, कारण भिंतीवरची चित्रं हलत नाहीत. मंगळागौरीला झिम्मा खेळणाऱ्या बायका हलतात. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थोपवतं, समोरच्याला थोपवत नाही. तिथे शटरचा वेगच लागतो, आणि त्यासाठी उजेड.

'आयएसओ वाढवला की झालं!'

हा आक्षेप दर वर्षी जास्त खरा होत चाललाय. नवी सेन्सरं ६४०० आयएसओलाही सुसह्य फोटो देतात आणि रवा काढणारी सॉफ्टवेअर कमालीची सुधारली आहेत. पण दहापट म्हणजे दहापट. प्राइमला १६०० पुरत असेल तिथे किट लेन्सला १६००० लागणार, आणि तिथे चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसायला लागते. दिवसाउजेडी फोटो काढणाऱ्याने मात्र या मुद्द्यावर पैसे खर्च करू नयेत. कासच्या पठारावर दुपारी अकराला एफ/८ वर किट लेन्सने काढलेला फोटो आणि प्राइमने काढलेला, फोनवर बघून ओळखून दाखवा!

'मागचं धूसर फक्त प्राइमच करते ना?'

नाही. धूसरपणा मुख्यतः छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर आणि अंतरांवर ठरतो. ७०-२०० एफ/२.८ ला २०० मिमीवर व्यास येतो ७१ मिमी. ८५ मिमी एफ/१.८ प्राइमला ४७. झूम हरत नाही, फक्त ती दीड किलोच्या आसपासची आणि लाखांतली असते. कमी पैशांत धूसर हवं असेल तर प्राइम, एवढंच विधान खरं आहे.

शिवाय धूसरपणा फुकट मिळत नाही. छोट्या सेन्सरवर फिफ्टीने एफ/१.८ ठेवून दीड मीटरवरून चेहरा टिपला तर स्पष्ट पट्टा सगळा मिळून साधारण सहा सेंटिमीटरचा. मान तिरकी असेल तर एक डोळा स्पष्ट, दुसरा पुसट. चार मीटरवरून दोन रांगांचा ग्रुप फोटो काढलात तर पुढची रांग नीट येईल आणि मागच्या रांगेतल्या काकू फोटो बघून विचारतील, आमचं काय चुकलं? तिथे एफ/५.६ वरच जायचं, आणि मग किट लेन्स काही वाईट नव्हती.

'कापून मोठा केला तर?'

२४ मेगापिक्सेलचा फोटो निम्म्या रुंदी-उंचीचा कापला की ६ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ३००० बाय २००० ठिपके. दहा बाय साडेसहा इंचांच्या छापील फोटोला तेवढे पुरतात, व्हॉट्सॲपला तर उतू जातील. त्यामुळे फिफ्टीने काढून नंतर कापणं म्हणजे १०० मिमीपर्यंतची कामचलाऊ झूमच. उलटं मात्र जमत नाही. चौकटीबाहेर राहिलेले आजोबा कापून आत आणता येत नाहीत. शंका असेल तेव्हा वाइड माप निवडा म्हणतात ते म्हणूनच.

दोन्ही एकाच लेन्समध्ये का नाही?

कंपन्या तेच करायच्या मागे आहेत. सिग्माने २०१३ मध्ये छोट्या सेन्सरसाठी १८-३५ मिमीची, सगळीकडे एफ/१.८ राहणारी झूम आणली. तशी ती पहिलीच. वजन ८१० ग्रॅम, आणि झूम जेमतेम दुप्पट. कॅननची २०१८ ची आरएफ २८-७० एफ/२ जवळपास दीड किलोची. सोनीने २०२४ मध्ये त्याच मापाची आणली ती एक किलोच्या आत, पण किंमत दोन लाखांच्या पुढे. भौतिकशास्त्र सवलत देत नाही. वजन, पैसा, झूमची लांबी आणि उजेड यांतलं काहीतरी सोडावंच लागतं.

मग घ्यायचं काय?

किट लेन्स असेल आणि घरातले, समारंभातले फोटो काढत असाल तर ३५ ची प्राइम, डोळे झाकून. डोंगर, पक्षी, खेळ, मिरवणुका असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी साधी लांब झूम. दिवसा तिचं छोटं छिद्र आड येत नाही. १८-२०० सारखी 'एकच सगळ्याला' लेन्स मी फक्त प्रवासात दुसरं काही नेणार नाही असं ठरवलेल्यालाच सुचवीन.

तुम्ही कुठलं माप खरोखर वापरता हे तुमचे फोटोच सांगतील. प्रत्येक फोटोत फोकल लेंथची नोंद असते. डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार फोटो निवडून बघता येतात. निम्मे फोटो १८ आणि ५५ या दोन टोकांना असतील तर तुम्हाला जास्त वाइड किंवा जास्त लांब काहीतरी हवंय. सगळे ३० ते ४० मध्ये अडकलेले असतील तर प्राइम आधीच ठरलीय. महागडी लेन्स घ्यायच्या आधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत हे सहज मिळतं.

जुनी घेत असाल, मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून, तर दोन गोष्टी बघा. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी ५० मिमी एफ/१.८डी लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. दुसरं, लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स घेऊ नका. झूममध्ये हे जास्त नीट बघावं लागतं, कारण भिंगं जास्त आणि नळी आतबाहेर होताना दमट हवा आत ओढली जाते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर लेन्सच्या पैशांतून हवाबंद डबा, सिलिका जेलची पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर यांचे पैसे आधीच बाजूला काढा. मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा, आणि पाकिटं पावसाळाभर अधूनमधून वाळवून परत टाका.